वज्रदेही एफसीचे दोन मोसम

जे सुरळीत चालतं त्याचे किस्से होत नाहीत. नीट चाललेल्या दूध संघाबद्दल कुणी चहावर तासभर हसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आमचा कराडचा प्रोफेशनल फुटबॉल क्लब मात्र दोनच मोसमांत आटोपला. त्यामुळे आम्ही जुनी मंडळी स्टँडजवळच्या टपरीवर जमलो की पहिला कप संपायच्या आत तिसरा किस्सा सुरू झालेला असतो!

क्लब काढला अण्णांनी. नदीकाठचा ऊस, तरुणपणी गाजवलेली कुस्त्यांची मैदानं, आणि मनात एक सल, की कोल्हापूरकरांनी फुटबॉल खेळायचा आणि आपण नुसता बघायचा? त्यांनी राज्याच्या लीगमध्ये टीम घातली. नाव ठेवलं 'वज्रदेही एफसी'. माझं खेळाच्या सामानाचं दुकान, म्हणून मी टीम मॅनेजर. म्हणजे जर्सी, पाणी, बस आणि अण्णा हे चार विभाग माझ्याकडे!

लीगची अट होती, दुसऱ्या मोसमाअखेर जी टीम तळाला ती बाहेर. अण्णांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "एकदा तालीम उगडली की बंद पडू द्यायची न्हाई. मान जाती." पुढची दोन वर्षं हे वाक्य आम्ही नाश्त्याबरोबर ऐकलं.

*

खेळाडूंची निवड चालू होती. आमचे कोच गोव्याचे, सायमन सर. ते एका टोकाला उभे राहून कोण पास कसा देतो ते बघत होते. दुसऱ्या टोकाला अण्णा वजनकाटा घेऊन बसले होते. प्रत्येक पोराचं वजन घ्यायचे, मांडीवर थाप मारून बघायचे आणि मान हलवायचे.

आटपाडीचा बिरू आला. मेंढपाळाच्या घरातला, काटक, वाऱ्यासारखा पळणारा. सरांनी त्याला पाहताक्षणी पसंत केलं. अण्णांनी काट्यावर उभं केलं आणि चेहरा पाडला. सर समजावत होते की हा स्ट्रायकर आहे, ह्याला वजन नको, वेग हवा. अण्णांनी बराच विचार केला.

"बरं, घ्या," ते म्हणाले. "पर ह्येची जोड हलक्या गड्यासंगं लावा."

*

पहिला बाहेरगावचा सामना पुण्यात. सरांनी आहाराचा तक्ता दिला होता, त्यात पास्ता होता. अण्णांनी तो शिजवलेला पाहिला, काट्यानं उचलून पाहिला आणि 'जाड शेवया' म्हणून बाजूला सारला. वाटेत पुण्याच्या अलीकडे, आपल्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याला बस थांबवली. तिथं अण्णांच्या मित्राकडे बदामाची थंडाई तयार होती. वर तूप. प्रत्येकाला तांब्याभर, आणि उरवायची नाही.

सामन्यात पहिली दहा मिनिटं आमची पोरं बरी पळाली. मग हळूहळू सगळा डिफेन्स जांभया द्यायला लागला. हाफटाइमला सर ड्रेसिंग रूममध्ये आले तर तिघं बाकावर आडवे आणि एक चक्क घोरत होता. त्या दिवशी किती गोल खाल्ले ते आम्ही आजही एकमेकांना विचारत नाही.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. अण्णा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "खुराक कमी पडला रं."

*

आमच्या पोरांची एक सवय काही केल्या जाईना. मैदानात उतरताना माती कपाळाला लावायची आणि ओळीनं रेफरीच्या पाया पडायचं. एकदा रेफरी म्हणून पुण्याचा एक तरुण मुलगा आला होता. पहिला वाकला तेव्हा तो दचकला. पाचव्यापर्यंत तो 'असू दे, असू दे' म्हणायला लागला. अकराव्याला त्यानं आशीर्वाद दिला.

पुढं त्यानं आमच्या लेफ्ट बॅकला यलो कार्ड दाखवलं. ते दाखवून झाल्यावर त्याला सॉरी म्हटलं.

*

घरच्या मैदानावर माइक तात्यांच्या हातात. तात्या म्हणजे कुस्त्यांचे निवेदक. पंचक्रोशीत त्यांच्या आवाजाशिवाय मैदान भरत नाही. कुस्त्या चालू असताना मधेमधे मान्यवरांचे सत्कार करायची पद्धत, तीच त्यांनी इथं आणली.

पहिला सामना रंगात आलेला. तात्यांनी पुकारा केला, की आपले गोलकीपर संपतराव यांनी सत्कारासाठी मंचावर यावं. संपत घरंदाज पोरगा. वडीलधाऱ्यानं बोलावलं आणि गेलं नाही असं त्याच्या घरात झालेलं नव्हतं. त्यानं ग्लोव्हज काढले, गोलपोस्टला टेकवून ठेवले आणि निघाला. शाल झाली, नारळ झाला, फेटा बांधणं चालू होतं. तेवढ्यात पाहुण्यांच्या एका खेळाडूनं मैदानाच्या मध्यावरूनच चेंडू हलकेच ढकलला. तो सावकाश गोलात गेला. तात्यांनी तेही त्याच सुरात सांगितलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या.

सर डोक्याला हात लावून बसले. अण्णा मात्र पाहुण्यांवरच बिघडले होते. "सत्कार चाललावता," ते मला म्हणाले. "जरा दम धराया येत न्हाई व्हय?"

*

पहिल्या मोसमानंतर मैदानाला टक्कल पडलं. सर गवताचं बी मागवा म्हणून सांगून सुटीवर गोव्याला गेले. अण्णांना बी वगैरे पटेना. आपल्याकडे रान खतवायचं तर मेंढरं बसवतात. बिरूच्या चुलत्याचा कळप कृष्णाकाठानं चाललाच होता. अण्णांनी त्यालाच बोलावणं धाडलं.

सर परत आले ते थेट मैदानावर. तिथून मला फोन. आवाज एकदम शांत. "ग्राउंडवर टीम आली आहे," ते म्हणाले, "पण आपली नाही."

मी जाऊन पाहिलं. दोन्ही गोलांपर्यंत मेंढरं बसली होती, कोपऱ्यात घोडं बांधलेलं, आणि सेंटर सर्कलमध्ये बिरूची चुलती भाकऱ्या थापत होती. सरांना तिनं तिथंच जेवायला बसवलं. आडवा हात मारत ते जेवले, तेव्हा मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली.

पावसानंतर असं गवत आलं, की पाहुणी टीम थक्क झाली. कुठलं खत वापरता, असं त्यांच्या कॅप्टननं बिरूला विचारलं. बिरूनं खरं ते सगळं तपशीलवार सांगितलं. त्या सामन्यात त्यांच्यातला एकही गडी टॅकल करायला खाली पडला नाही. आम्ही पहिल्यांदा जिंकलो!

*

आणि शेवटचा सामना. आमच्याच मैदानावर, सांगलीच्या टीमशी. सांगलीला बरोबरी पुरत होती. आम्हाला जिंकणं भाग होतं, नाहीतर लीगमधून बाहेर आणि क्लबला कुलूप. सरांनी हे फळ्यावर लिहिलं होतं आणि अण्णांनीच ते पोरांकडून मोठ्यानं वाचून घेतलं होतं. बिरूनं तर क्लबसाठी साखर कारखान्यातली लागलेली नोकरी सोडलेली.

ऊन मी म्हणत होतं. बिरूनं एक गोल मारला, सांगलीनं फेडला. सांगलीचा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधला गडी, मिरजेचा धिप्पाड पोरगा. तो बिरूला सोडेना आणि बिरू त्याला सोडेना. दोघं धडकायचे, झोकांड्या खायचे, पुन्हा सावरायचे. पायात गोळे आले तरी कुणी बाहेर जाईना. आधी लोक ओरडत होते. मग कराडचे लोक मिरजेच्या पोरालाही टाळ्या द्यायला लागले. तात्यांनी माइक बंद करून ठेवला.

घड्याळात थोडा वेळ उरला होता आणि कॉर्नर आम्हाला मिळालेला. सर रेषेवरून 'एक गोल, एक गोल' म्हणत होते. आणि अण्णा खुर्चीवरून उठले. रेषेपाशी चपला काढल्या, वाकून गवताला हात लावला आणि सरळ आत चालत गेले. एका हातात बिरूचं मनगट धरलं, दुसऱ्या हातात मिरजेच्या पोराचं, आणि दोन्ही हात वर केले. अटीतटीची कुस्ती निकाली निघत नाही तेव्हा जाणता माणूस ती बरोबरीत सोडवतो, अगदी तशी. सगळं मैदान उभं राहिलं. लोक आत घुसले. रेफरी शिट्टी फुंकत राहिला.

मी गर्दीतून कसाबसा पोचलो. "आवं अण्णा, अजून टाइम हाय! बरोबरी झाली तर क्लब गेला आपला!"

अण्णांनी हात खाली घेतले नाहीत.

"म्हायती हाय," ते म्हणाले. "पर ह्येंच्यातलं कोण पडलंय का, सांग."