वाचून सही

बोईसरच्या आमच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायचं काम माझ्याकडे आहे. खरं काम टाकीतले जिवाणू करतात, मी त्यांना हवा पुरवते. ती हवा ढकलणारे दोन ब्लोअर अखंड चालतात आणि मरणाची वीज खातात. एकानेही भागेल, हे मी साहेबांना पटवून दिलं. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा मीटरही तेच सांगत होता. तीन दिवस एकच ब्लोअर चालला आणि मी भलतीच खूश होते.

टाकीवरचे ऑपरेटर काका जवळच्या घिवली गावचे, कंत्राटी, माझ्या वडिलांच्या वयाचे. पहिल्याच दुपारी ते म्हणाले होते की टाकीचा वास बदललाय. मी फटकन म्हणाले, मीटर बघा, नाकावर प्लँट चालत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सरावलीहून स्कूटरवर आले तर गेटपाशीच सडक्या अंड्यांचा वास. तपकिरी पाणी काळं पडलेलं, मीटरवरचा आकडा मात्र झकास. टाकीतलं पाणी काचेच्या उभ्या भांड्यात घेतलं. एरवी अर्ध्या तासात जिवाणूंचा गाळ खाली बसतो. तो बसेना. जिवाणू मेले तर नवे वाढवायला आठवडे लागतात, आणि तोवर कारखाना बंद.

दुसरा ब्लोअर सुरू केला, बाहेर जाणारं पाणी अडवलं. काकांनी पाण्यात सोडलेली मीटरची दांडी वर ओढली आणि खाली बोट दाखवलं. दांडी जिथे होती, नेमके तिथेच हवेचे बुडबुडे वर येत होते. धुताना वाकावं लागू नये म्हणून मीच ती गेल्या आठवड्यात जिन्याजवळ आणली होती. मीटर बुडबुडे मोजत बसला आणि बाकीची टाकी गुदमरली.

साहेब आले ते थेट काकांवर घसरले. ड्यूटीवर झोपा काढता का, उद्यापासून दुसरा माणूस मागवतो, म्हणाले. मी गप्प. लिहितानाही लाज वाटते, पण मी गप्प राहिले.

"आमी वहीत लिवलंय, साहेब," काका म्हणाले. "बघा."

साहेबांनी मीटरचे आकडे टिपायची वही उघडली. आकड्यांपुढे शेऱ्याचा रकाना असतो, तो आमच्याकडे कोणी वाचत नाही. तीनही दिवस काकांच्या पाळीत तासातासाला एकच शेरा होता: वास येतो, हवा कमी. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही.

"दांडी मी हलवली," मी म्हणाले. "वहीवर न वाचता सही केली, तीही मीच."

साहेबांनी वही मिटली, काकांच्या हातात परत दिली आणि ते निघून गेले. दुपारी पुन्हा भांडं भरलं. गाळ अगदी सावकाश, पण खाली बसायला लागला. मला रडूच आलं. काकांनी त्या तासाचे आकडे लिहिले, शेरा लिहिला आणि वही माझ्यापुढे धरली.

"वाचून सई करा, मॅडम."