काकांना दाढी बाहेर करायची होती

गेटचा दांडा काही वर जाईना. भालेराव काका इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या अलीकडे उभे, आणि गार्ड मला फोनवर सांगतोय, "साहब, ऐप मना कर रहा है."

ग्वाल्हेरच्या एका मोठ्या सोसायटीत मी फॅसिलिटी मॅनेजर होतो. म्हणजे पाणी, लिफ्ट, कचरा, गार्ड आणि लोकांची भांडणं, सगळं माझ्याकडे. वॉचमनपासून सुरुवात करून त्या खुर्चीपर्यंत आलो होतो, कोणाच्या चिठ्ठीवर नाही. भांडणं फार होती. पार्किंगवरून, कुत्र्यांवरून, लग्नातल्या डीजेवरून. मग कमिटीने सगळा कारभार अ‍ॅपवर घेतला. अ‍ॅप विकणाऱ्या वेंडरशी घासाघीस मी केली, त्याला रडवलं. कोण आत येणार, गाडी कुठे लागणार, गाणी कधी बंद होणार, सगळं अ‍ॅप ठरवू लागलं. भांडणं खरंच थांबली. दुसऱ्या सोसायट्यांचे लोक बघायला यायचे.

त्यात एक सेटिंग होतं, डिपेंडंट. म्हणजे ज्याला बाहेर जायला घरातल्या दुसऱ्या कोणाची परवानगी लागते तो. वेंडरने ते लहान मुलांसाठी ठेवलं होतं. कमिटीने म्हाताऱ्यांनाही त्यात घातलं. मीटिंगमध्ये म्हाताऱ्यांनीच आधी हात वर केले. प्रत्येकाला वाटलं, विसरभोळा शेजारचा आहे.

काकांना गावातल्या किला गेट भागातल्या त्यांच्या जुन्या न्हाव्याकडे दाढी करायला जायचं होतं. मुलगा श्रीरंग बेंगळुरूत. त्याने तिथून अ‍ॅपवर 'नाही' दाबलं होतं.

मी श्रीरंगला फोन लावला. सौदा जमवणं हेच माझं काम. त्याने उन्हाचं कारण दिलं, मी त्याला संध्याकाळवर आणलं. मग सोबत गार्ड, मग सोसायटीची गाडी. शेवटी तो म्हणाला, त्या न्हाव्यालाच आत बोलवा. याहून चांगला सौदा नव्हता. मी खूश होऊन काकांना सांगितलं.

"मग तुम्हीच करून घ्या दाढी," काका म्हणाले.

"काका, आत सगळं आहे. सलून आहे, एसी आहे."

"असेल ना. मी कधी नाही म्हटलं? मला एकट्याने जायचंय, आत्ता, कोणाला न विचारता. यात घासाघीस कसली करताय?"

माझं डोकं फिरलं. काकांवर नाही, त्या दांड्यावर. लाइट गेली की दांडा हाताने उचलायला खांबात एक किल्ली लागते. ती मी लावली आणि दांडा वर केला. काका शेअरच्या टेम्पोत बसून गेले. दुपारी परतले. दाढी गुळगुळीत, हनुवटीवर ब्लेड लागल्याची खूण, हातात कचोरीचा पुडा. गार्डलाही एक दिली.

संध्याकाळी कमिटी बसली. काकांनाही बोलावलं होतं, त्यांचंही मत घ्यायचं म्हणून. चेअरमन बँकेतून रिटायर झालेले.

"आज यांच्यासाठी उचललात, उद्या कोणासाठी? यांना काही झालं असतं तर?"

"साहेब, माणूस घरातून निघाला होता, जेलमधून नाही. आणि झालं काहीच नाही."

"त्याचं श्रेय तुमचं नाही," चेअरमन म्हणाले.

मला काढायचा ठराव आला. हात वर झाले. मी एकच हात बघत होतो, काकांचा. तोही गेला वर, सावकाश.

नंतर ते जिन्यात भेटले. नजर माझ्या चपलांवर.

"राग मानू नका. श्रीरंग फोनवर रडला. रोज मुलाशी कोण झगडणार? इथे सुकून आहे हो."

मी तसाच जिना उतरलो. तोंड उघडलं असतं तर शिवीच निघाली असती.

सध्या मी बटाट्याच्या एका कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर आहे. तापमान कायम एकच, पोती सरळ रांगेत, कोणाचं कोणाशी भांडण नाही. बाहेर जायचं कोणी म्हणत नाही. कमिटीला हवी होती तशी सोसायटी मला इथे तयार मिळाली. शिकलो एवढंच, की कोणासाठी गेट उघडण्याआधी त्याला बाहेर राहायचंय की नुसतं फिरून यायचंय, ते विचारून घ्यावं.

जुना गार्ड कधी भेटला की बातम्या देतो. काका आता क्लबहाउसच्या सलूनमध्येच दाढी करतात. तिथे ब्लेड कधी लागत नाही म्हणे.