उकिडवं बसता येईल अशी जीन्स

माझी बायको जनावरांची डॉक्टर आहे आणि ती मोटारसायकल चालवते. लोकांना यातली दुसरी गोष्टच जास्त नवलाची वाटते. स्कूटी का नाही, असं हमखास विचारतात. दिग्रस आणि आर्णीच्या मधल्या पांदण रस्त्यांनी एकदा जाऊन यावं, मग कळतं. काळ्या मातीत लहान चाकाची गाडी जिथे रुतते तिथेच बसते. मी शाळेत मास्तर, शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. आमच्या घरातली खरी फिरस्ती तीच.

डोक्याची काळजी ती पहिल्यापासून घ्यायची. हेल्मेट, अंगात जाड जॅकेट, हातमोजे. कमरेखाली मात्र बाजारातली साधी जीन्स. जीन्सचं कापड जाड असतं, तेवढं पुरे, असं तिलाही वाटायचं आणि मलाही.

दिवाळीच्या तोंडावर एका गावातून फोन आला की म्हैस विताना अडली आहे. ती निघाली. गावाच्या अलीकडच्या वळणावर एका शेतकऱ्याने डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. आमच्याकडे त्या दिवसांत सगळेच घालतात, डांबर तापतं आणि दाणा लवकर सुकतो. वळणामुळे तिला ते उशिरा दिसलं. ब्रेक लावला, चाकाखाली दाणे घरंगळले आणि गाडी आडवी झाली. ती गाडीसोबत तशीच रस्त्यावरून घासत गेली.

शेतकरी नवरा-बायको धावत आले. "म्याडम, लागलं का वं? आमच्याच्यानं चूक झाली," म्हणत ती बाई रडायलाच लागली. बायकोने आधी हात-पाय हलवून पाहिले, मग उठून उभी राहिली. डावा गुडघा आणि मांडीची बाजू सोलून निघाली होती. त्या बाईने कळशीने पाणी ओतलं, हिने बॅगेतलं जनावरांचं जंतुनाशक स्वतःला लावलं, वर पट्टी गुंडाळली. मग शेतकऱ्याला म्हणाली, "भाऊ, गाडी उभी करून द्या मले. तिकडं म्हैस वाट पाहून राह्यली."

मला फोन आला तो संध्याकाळी. "गाडी घसरली होती. मी बरी आहे. म्हैस पण बरी आहे. वगार झाली." याच क्रमाने सांगितलं. आवाजात म्हशीच्या त्या पारडीचा आनंद जास्त होता. ती घरी आली, गाडीवरून उतरताना तिने भिंतीचा आधार घेतला, तेव्हा मला कळलं की दुखणं किती आहे. दवाखान्यात जखमेतले खडे काढताना तिने माझा हात असा धरला होता की माझी बोटं पांढरी पडली.

चार लोक गाडीलाच शिव्या देत होते. माझे वडीलही म्हणाले, "आता ते फटफटी सोड बाई. जीप मागून घे हापिसातून." ती हसली. "बाबा, जीप त्या पांदणीनं जात असती तं आधीच घेतली असती." आणि दुसऱ्या दिवशी तिने ती फाटलेली जीन्स खाटेवर पसरली. मेलेल्या जनावराची तपासणी करावी तशी तपासली. कुठे कापड झिजून जाळी झाली, कुठे शिवण उसवली, कुठे एका झटक्यात फाटलं. गुडघ्यावर तर कापड उरलंच नव्हतं. "हे कापड चालण्यासाठी केलेलं आहे," ती मला म्हणाली, "घासण्यासाठी नाही. आपणच चुकीची अपेक्षा केली."

जखम भरेपर्यंत ती मोबाइलवर वाचत बसली. गाडी चालवणाऱ्यांसाठी वेगळी जीन्स मिळते हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तिच्यात घासलं तरी लवकर न झिजणारा धागा विणलेला असतो, गुडघ्याला आणि कमरेच्या बाजूंना आतून कप्पे, त्या कप्प्यांत धक्का झेलणारे पॅड. वाचून झालं की ती मला समजावून सांगायची आणि मी शाळेतल्या मुलासारखा ऐकायचो.

आधी आम्ही यवतमाळला गेलो. कपड्यांच्या मोठ्या दुकानात पोरसवदा विक्रेत्याने उत्साहाने माल काढला. सगळ्या जीन्स गुडघ्यावर फाटलेल्या.

"म्याडम, हेच चालू आहे सध्या."

"फाटकी माझ्याजवळ आहे घरी," ती म्हणाली. "मले न फाटणारी पाह्यजे."

तो बिचारा मालाच्या परत घड्या घालू लागला. शेवटी नागपूरला एक मित्र राहतो, त्याने फक्त गाडीवाल्यांचं सामान ठेवणारं दुकान सांगितलं. एका रविवारी तिथे गेलो.

त्या दुकानात मी जे पाहिलं ते मला अजून तसंच आठवतं. दुकानदाराने सर्वांत भारी, आतून पूर्ण अस्तराची जीन्स पुढे केली. दिसायला देखणी. हिने ती घालून पाहिली, आरशासमोर क्षणभर उभी राहिली आणि मग चक्क दुकानाच्या मधोमध उकिडवी बसली. गाईच्या मागे बसते तशी. उठली, परत बसली. एक पाय पुढे टाकून वाकली, जणू खूर हातात घेते आहे. दोन गिऱ्हाइकं आपलं सामान विसरून तिच्याकडे बघत होती. तिला त्याचं काहीच नव्हतं.

"ही नाही चालणार," ती दुकानदाराला म्हणाली. "कमरेला रुतते. आणि आमच्याकडे मे महिन्यात या अस्तरानं माणूस शिजते. मग मी घरीच ठेवून जाईन, आणि घरी ठेवलेली जीन्स काय कामाची?"

दुकानदार भला होता. त्याने विचारलं, "तुमचं काम काय आहे, म्याडम?" तिने सांगितलं. मग तो आत गेला आणि बिनअस्तराची, एकाच जाड विणीची जीन्स घेऊन आला. मजबूत धागा कापडातच विणलेला. अस्तराच्या जीन्सपेक्षा ती थोडी कमी टिकेल, पण हवा खेळेल, हे त्याने न लपवता सांगितलं. अडचण एकच, बायकांच्या मापात ती नव्हती. पुरुषांच्या मापातली घ्यायची तर कंबर सैल.

तिने ती घातली, दुकानासमोर उभ्या असलेल्या गाडीवर बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवून पॅड कुठे येतात ते चाचपलं. उभं असताना बरोबर जागी असलेले पॅड बसल्यावर वर सरकले होते. तिने ते आतल्या कप्प्यात खाली सरकवले, परत बसली. मग माझ्याकडे पाहून मान हलवली. तो चेहरा मला ओळखीचा आहे. जनावराच्या पोटात हात घालून वासराचा पाय सापडला की असाच होत असणार.

कंबर आमच्या दिग्रसच्या शिंप्याने लहान केली. बाजूच्या शिवणीला हात लावायचा नाही, तिथे कमरेचे पॅड आहेत, फक्त मागची शिवण आत घ्यायची, हे तिने समोर उभं राहून करून घेतलं.

गाडी दुरुस्त झाल्यावर ती पहिल्या दिवशी निघाली तेव्हा मला वाटलं होतं, त्या वळणावर ती घाबरेल. संध्याकाळी विचारलं. "घाबरले ना," ती सरळ म्हणाली. "हळू गेले. मग त्या भाऊच्या घरी थांबून चहा घेतला." त्या शेतकऱ्याशी ती एका शब्दाने कडू बोलली नाही. वाळवायला त्याच्याकडे दुसरी जागाच नाही, हे तिला माहीत होतं. वळणावर नको, सरळ रस्त्यावर अर्ध्या भागात घाला आणि अलीकडे काठीला लाल कापड बांधा, एवढंच तिने सांगितलं. पुढच्या हंगामात आजूबाजूच्या गावांतही लाल कापडं दिसायला लागली.

त्या जीन्सची परीक्षा मात्र रस्त्यावर झालीच नाही. उन्हाळ्यात एका बैलाच्या खुरात खिळा रुतला होता. ती काढायला बसली आणि बैलाने लाथ झाडली, ती थेट तिच्या गुडघ्यावर. धरून उभा असलेला मालक ओरडला, "गेला म्याडमचा पाय!" ती मागे पडली, उठली, गुडघा वाकवून पाहिला. पॅडला चीर गेली होती, पायाला नुसती सूज. तिने खिळा काढला, पट्टी बांधली, मग बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "तुही काही चूक नाही रे बाबू."

ही गोष्ट तिच्याआधी घरी पोहोचली. वडिलांनी सगळी ऐकून घेतली. गाडी सोड म्हणून त्यांनी नंतर कधी म्हटलं नाही. उलट घरी कुणी आलं की सुनेची ती जीन्स दोरीवरून काढून आणायचे आणि आतले कप्पे उलटून दाखवायचे. "हात लावून पाहा," म्हणायचे.

मागच्या महिन्यात एका रविवारी आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई आणि बँकेच्या कामासाठी गावोगाव फिरणारी त्यांची मैत्रीण आमच्याकडे आल्या. दोघीही रोज गाडीवर. त्यांनीही तशाच जीन्स मागवल्या होत्या, माप बरोबर आहे का ते हिला दाखवायचं होतं. मी चहा घेऊन अंगणात आलो तर तिघी ओळीने उकिडव्या बसल्या होत्या आणि माझी बायको एकीच्या गुडघ्यावर बोट ठेवून सांगत होती, "इथं नाही, आणखी खाली. बसून पाहा ना परत."

मी चहाचा ट्रे ओट्यावर ठेवला आणि तिथेच उभा राहून त्यांचं बसणं-उठणं पाहत राहिलो. मग मैत्रिणीने आपली गाडी अंगणात आणून उभी केली आणि तिघी आळीपाळीने गाडीवर बसून पाहू लागल्या. चहा निवत होता, पण हाक मारावीशी वाटली नाही.