मुलाखत परत देणारी सर्वेवाली

समोरच्यानं तोंडावर नाही म्हटलं की खूश होणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे आमची सर्वेवाली. तुमच्याकडेही येऊन गेले असतील असे लोक. पाठीला पिशवी, हातात छापील प्रश्न, घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, मूल कितवं. त्यांना नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. हिचा उजळायचा. पहिल्याच दिवशी एक म्हातारी म्हणाली, मला नाही बोलायचं, जा. तर ही हात जोडून हसत उठली. मी माझ्या अहिराणीत म्हटलं, "पोरी, बाई नही म्हनी ऱ्हायनी, आनि तू हासी ऱ्हायनी?" तर म्हणते, "काकू, इथे नाही म्हणता येतं, हे कळलं ना. आता कोणी हो म्हणालं तर ते हो खरं."

मी मूळची तापीकाठच्या प्रकाशा गावची, पण लग्नानंतरचं आयुष्य सगळं अक्कलकुव्याला गेलं. अंगणवाडीत मदतनीस होते. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं रजिस्टरं बघता बघता आलं, आणि डोंगरातल्या बायकांची बोली त्यांची पोरं सांभाळता सांभाळता. म्हणून ही मुलगी मला शोधत आली. नर्मदाकाठच्या गावांत बाळंतपणं कशी होतात, यावर तिला मोठ्या पदवीचा प्रबंध लिहायचा होता. तिकडे गाडी जात नाही, होडीनं जायचं. मला वाटलं, महिनाभर नाचेल आणि जाईल. दोन वर्षं येत राहिली.

तिच्या कॉलेजानं तिला कागद दिले होते. बोलायच्या आधी बाईची सही किंवा अंगठा घ्यायचा, तिची मर्जी आहे म्हणून. तिनं शाईचं पॅड काढलं आणि समोरच्या चारही बायकांनी हात पदरात लपवले. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, इथल्या लोकांनी कागदावर अंगठे दिले आणि पुढे जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली. अंगठा मागणारा माणूस इथे पाहुणा नसतो. तिनं पॅड पिशवीत टाकलं ते टाकलंच. कॉलेजातल्या समितीला तीन पत्रं लिहिली, भांडली म्हणा ना, आणि शेवटी परवानगी आणली, की बाईनं साक्षीदारासमोर तोंडानं हो म्हटलं तरी पुरे. साक्षीदार कोण? मी. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी असं पद दिलं.

आणखी एक खोड होती तिला. लिहून नेलेलं सगळं ती पुढच्या खेपेला परत आणून वाचून दाखवायची. ती मराठीत वाचणार, मी त्यांच्या बोलीत सांगणार. बायका हसायच्या, एकमेकींना टोमणे मारायच्या, "असं बोललीस तू? आम्हाला तर दुसरंच सांगत होतीस." चुका काढायच्या. ही मुकाट्यानं दुरुस्त करायची.

असंच एकदा ठुगीबाईचं वाचून झालं. ठुगीबाई होडीत बाळंत झालेली. कळा सुरू झाल्यावर नेलं तर आरोग्य उपकेंद्राला कुलूप, तिथून तालुक्याला निघाले, आणि मधल्या पाण्यातच मूल झालं. ते राहिलं नाही. आदल्या खेपेला तिनं हे सगळं धडाधड सांगितलं होतं, नर्सबाई महिनोन् महिने येत नाही हेसुद्धा. आता स्वतःचंच बोलणं ऐकून तिनं सर्वेवालीच्या वहीवर हात ठेवला. मग म्हणाली, "हे छापू नको. माझा दीर त्याच दवाखान्यात रोजंदारीवर शिपाई आहे. त्याचं काम गेलं तर घरचे मला दारात उभं करणार नाहीत."

सर्वेवालीनं वहीवर आडवी रेघ मारली. "नाही छापणार," म्हणाली.

आता सांगायला सोपं. पण निम्मा प्रबंध त्या एका बाईच्या बोलण्यावर उभा होता. दुसऱ्या दिवशी टेकडीवर रेंज मिळते तिथून तिनं तिच्या सरांना फोन लावला. स्पीकरवर होता, मीही ऐकलं.

"नाव बदल, विषय संपला," सर म्हणाले.

"सर, होडीत बाळंत झालेली बाई त्या काठावर एकच आहे. नाव बदलून काय होणार?"

"अगं, तीच तर सगळ्यात चांगली मुलाखत आहे."

"हो सर. पण ती नको म्हणाली."

"तुझं एक वर्ष जाईल."

"हो सर. ती नको म्हणाली."

फोन ठेवल्यावर मीच चिडले. "तुले समजस का काही? तुन्हं वरीस वाया जाई ना." तर म्हणाली, "काकू, तिचं मूल गेलंय. माझं वर्षच जातंय."

नंतर ती ठुगीबाईच्या ओसरीवर बसली, फोनमधलं रेकॉर्डिंग तिच्या देखत पुसलं, वहीतली पानं फाडून तिच्या हातात दिली. "ही तुमची गोष्ट. जाळा, ठेवा, तुमची मर्जी." ठुगीबाईनं पानं उलटसुलट करून पाहिली. वाचता येत नव्हतं तिला. धान्याच्या कणगीत खोल खुपसून ठेवली.

पोरगी शहरात गेली. प्रबंध पुन्हा मांडला, वर्षभर राबली, आणि झाली की डॉक्टर. आमच्या दवाखान्यातली नव्हे, पुस्तकातली.

खरी गंमत पुढेच. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी ठुगीबाई बाजाराच्या दिवशी माझ्या घरी आली. म्हणाली, "बाई, मी दिराला पुसलं. ग्रामसभेत बोलू का, म्हटलं. तुझं काम जाईल कदाचित, म्हटलं. तो आधी नाही म्हणाला. मी गप्प राहिले. पंधरा दिवसांनी स्वतःच आला, म्हणाला, वहिनी, बोल." दिराला विचारायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ग्रामसभेला तालुक्याचे साहेब आले होते. त्यांना सांगितलं जात होतं, आमच्याकडे सगळं ठीक. ठुगीबाई उठली. कणगीतली पानं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही वाचा. चुकलं तर मी सांगेन." मी वाचलं. कुलपापाशी आल्यावर तिनं मला थांबवलं आणि पुढचं स्वतः बोलली, मूल गेलं तिथपर्यंत. मग मागच्या बायका उठल्या. एक, दोन, मग सगळ्याच. तक्रारी लिहून घ्यायला साहेबांना पुरवणी कागद मागवावा लागला.

आता दर मंगळवारी होडीतून नर्सबाई येते. औषधांची पेटी उचलून काठावर आणतो तो ठुगीबाईचा दीर. काम गेलं नाही, पक्कं झालं.

हे सगळं मी त्याच रेंजच्या टेकडीवरून, ठुगीबाईला शेजारी बसवून, सर्वेवालीला फोनवर सांगितलं. ती आता लांब, दुसऱ्या राज्यात शिकवते, येणं होत नाही. पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "काकू, मी लिहू का हे?"

"मला काय विचारतेस? तिलाच विचार." फोन ठुगीबाईच्या कानाला लावला.

ठुगीबाईनं ऐकून घेतलं. मग अख्ख्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "लिही. माझं नाव लिही, बापाचं लिही, गावाचं लिही. काही बदलू नको."