कॅन्सस सिटीतला वाढपी

बसा, बसा, चहा येतोय. अहो, त्या खुर्चीवर नको, तिथून तुम्हाला नीट ऐकू येणार नाही. इकडे सरका. हं, आता बरोबर. आणि बिस्किटं डावीकडून फिरवा, म्हणजे सगळ्यांना मिळतील.

हसताय? हसा. याच खोडीपायी गेल्या उन्हाळ्यात मी कॅन्सस सिटीत अशी काही माती खाल्ली, की ती आठवली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. इतके दिवस ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतो, कारण आमची ही, अनुजा, आत्ता घरात नाही. ती असली की मधेमधे दुरुस्त्या करते.

तर झालं असं. आमच्या सईला कॉलेजमध्ये ॲडमिशन मिळाली होती आणि दोन आठवड्यांनी ती घर सोडून जाणार होती. एकुलती एक पोर. ईडन प्रेरीतल्या आमच्या घरात तिच्याशिवाय राहायचं, हा विचारच मला सोसत नव्हता. पण बापाने असं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी तिच्या सामानाच्या याद्या करत बसायचो. चार याद्या झाल्या होत्या. रंगीत.

एक दिवस सई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "बाबा, जायच्या आधी एक वीकेंड आपण तिघं कुठेतरी जाऊ. कॅन्सस सिटी. म्युझिक, फूड, सगळं. पण प्लॅन मी करणार. तू काहीही मॅनेज करायचं नाहीस. नथिंग. प्रॉमिस?"

मी म्हटलं, "प्रॉमिस."

आता यात काय कठीण आहे, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही मला ओळखता. आमच्या मंडळाची भोजन समिती नऊ वर्षं माझ्याकडे आहे. गणपतीत तीन-चारशे माणसं जेवतात आणि वरणाला कधी रांग अडकत नाही. अडकलीच तर मी स्वतः पळी घेऊन उभा राहतो. अशा माणसाला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय, ते मलाच माहीत.

पण मी बसलो हो गप्प! शुक्रवारी सकाळी निघालो, सहा-सात तासांचा रस्ता, सईने गाडी चालवली. एकदाही 'ब्रेक' म्हणालो नाही. फक्त दोनदा माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला, त्याला माझा इलाज नाही.

संध्याकाळी तिने जॅझ ऐकायला नेलं. लहानशी जागा होती, आणि एक म्हातारा ट्रम्पेट असा वाजवत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण खुर्च्या कशा मांडलेल्या! अर्धे लोक खांबामागे. जरा तिरक्या लावल्या असत्या तर सगळ्यांना दिसलं असतं. मी मॅनेजरकडे एकदा बघितलं. मग सईकडे बघितलं. आणि माझं सरबत प्यायलो. अनुजाने टेबलाखालून माझा हात दाबला, शाबासकी म्हणून.

शनिवारी सकाळी ट्राममधून फिरलो, कारंजी बघितली. त्या शहरात जिकडे बघावं तिकडे कारंजं. सई पुढे, आम्ही दोघं मागे. ती मधेच वळून म्हणाली, "बाबा, यू आर डुइंग सो वेल!" लहानपणी ती पहिल्यांदा सायकल चालवायला शिकली तेव्हा मी असंच म्हटलं होतं. मला बरं वाटलं, आणि जरा वाईटही वाटलं.

दुपारी एका मोठ्या पार्कमध्ये बार्बेक्यू फेस्टिव्हल होता. सईने पास काढून ठेवले होते. पण गाडी लावली ती पार्कच्या भलत्याच टोकाला. ती म्हणाली, "तुम्ही या झाडाखाली थांबा. मी गेट कुठेय बघून येते. पाच मिनिटं. हलू नका."

पाच मिनिटं झाली. सात झाली. आणि मला धुराचा वास आला.

समोर, शंभर पावलांवर, एक मोठी शेड होती. लांबच लांब टेबलं, मोठाले ट्रे, शेगड्या, आणि सगळीकडे मरून टी-शर्ट घातलेली माणसं. एकसारखे टी-शर्ट म्हणजे कोण? तुम्हीच सांगा. स्वयंसेवक! आपल्या मंडळात दुसरं कोण घालतं?

मी म्हटलं, "अनुजा, हेच ते. चल."

"अरे, सई थांब म्हणाली ना."

"अगं, समोर दिसतंय! पोर उगीच उन्हात गेट शोधत बसली असेल. आपण जाऊन जागा धरू."

आम्ही शेडच्या मागच्या बाजूने आत शिरलो. हे 'मागच्या बाजूने' लक्षात ठेवा, सगळा घात तिथेच झाला. एक प्रेमळशी बाई समोर आली आणि म्हणाली, "भूक लागलीय ना? घ्या, प्लेट घ्या, लाजू नका."

पास नाही, तिकीट नाही, काही विचारलं नाही! मी अनुजाला म्हटलं, "बघ, आपल्या महाप्रसादासारखं आहे. आलेल्या माणसाला कुणी तू कोण म्हणून विचारत नाही."

अनुजाचा शनिवार होता, तिने मका आणि बटाट्याचं सॅलड घेतलं. मी चिकन घेतलं. काय चिकन होतं महाराजा! पण माझं लक्ष जेवणात कुठलं? रांग बघून मला घास उतरेना. लोक टेबलाच्या दोन्ही टोकांनी सुरू करत होते आणि मध्यभागी एकमेकांवर आदळत होते. पोरं मधेच घुसून थेट गोडावर. चाळीस-पन्नास स्वयंसेवक, आणि एकाचंही रांगेकडे लक्ष नाही!

तरी मी गप्प होतो. खरंच सांगतो, गप्प होतो. पण राजमा वाढणाऱ्या बाईंना कुणीतरी हाक मारली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, जवळ मीच होतो. म्हणाल्या, "जरा धरता का?" आणि पळी माझ्या हातात दिली.

स्वभावाला औषध नसतं. पळी हातात आली आणि पुढचं सगळं मी केलं नाही, ते आपोआप झालं.

"प्लेट्स या बाजूने! चिकन आधी, सॅलड नंतर! मुलांनो, डेझर्ट शेवटी!"

आणि लोक ऐकायला लागले हो! दोन मिनिटांत एक रांग झाली. एक मरून टी-शर्टवाला येऊन विचारतो, बर्फ कुठे ठेवू? मी म्हटलं, तिकडे सावलीत. दुसरी येऊन विचारते, केक कधी कापायचा? आता केक आहे हेच मला माहीत नव्हतं. पण मी म्हटलं, "सगळ्यांचं जेवण झाल्यावर." ती "ओके सर" म्हणून गेली. अनुजा मागून म्हणत होती, "मिलिंद, अरे बाप्पा, सोड ती पळी." पण मला काही ऐकू येत नव्हतं. मी अगदी रंगात आलो होतो.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत टेकत बाजूने आले आणि थेट चिकनच्या ट्रेला हात घातला.

मी म्हटलं, "सर, लाइन तिकडून सुरू होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी?"

"सगळ्यांना सारखाच नियम आहे, सर. प्लीज."

ते क्षणभर थांबले. मग वळले आणि काठी टेकत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. सगळी शेड शांत झाली. कुणी बोलेना, कुणी चमचा वाजवेना. मला वाटलं, चला, शिस्त आली.

"बाबा."

सई. धापा टाकत, हातात फोन. "बाबा, व्हॉट आर यू डुइंग?"

"अगं, इथे फार गोंधळ होता. आता बघ कसं..."

"बाबा, टर्न अराउंड."

मी वळलो. आम्ही ज्याच्या मागून आत आलो होतो तो मोठा बॅनर आता मला पुढून दिसला. त्यावर एका म्हाताऱ्याचा हसरा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, वॉल्टर आजोबा, नव्वद वर्षं पूर्ण. टी-शर्टवरही तेच. स्वयंसेवक कसले, ती सगळी त्यांची मुलं-नातवंडं-पतवंडं होती. आणि वॉल्टर आजोबा रांगेत शेवटी उभे होते. मी उभं केलं होतं.

फेस्टिव्हल पार्कच्या दुसऱ्या टोकाला होता.

सई रागावली असती तर मला चाललं असतं. ती रागावली नाही. हळूच, मराठीत म्हणाली, "मी एकच गोष्ट मागितली होती." आणि तिचे डोळे भरून आले. त्या वेळी मला धरणीने पोटात घेतलं असतं तरी मी पळी आधी जागेवर ठेवली असती आणि मगच गेलो असतो, पण तुम्हाला खरं सांगतो, इतका लहान मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

एक साठीची बाई पुढे आली. आजोबांची मुलगी. अतिशय सभ्यपणे तिने विचारलं, "माफ करा, तुम्ही नक्की कुणाकडचे?"

मग उलगडा झाला. तिला वाटलं, मी केटररचा माणूस. केक विचारणारीला वाटलं, मी तिच्या आत्याच्या ऑफिसमधला. बर्फवाल्याला काहीच वाटलं नव्हतं, त्याला फक्त बर्फ ठेवायचा होता. मी माफी मागितली. इंग्रजीत मागितली, घाबरून मराठीत मागितली, मग पळीसकट हातही जोडले.

तेवढ्यात रांगेच्या शेवटून आवाज आला. "त्याला सोडा गं. आणि माझा नंबर जाऊ देऊ नका!"

सगळे हसले. आजोबा हसत नव्हते. ते म्हणाले, "चार वर्षांपूर्वी मी आजारी पडलो, तेव्हापासून या लोकांनी मला कुठल्याच रांगेत उभं राहू दिलेलं नाही. 'बसा आजोबा, आम्ही आणतो आजोबा.' प्लेट येते, त्यात काय हवं ते कुणी विचारत नाही. आज म्हटलं, आपल्या हाताने एक तुकडा उचलावा, तर या माणसाने मला इतरांसारखं मागे पाठवलं." त्यांनी पुढे उभ्या असलेल्या एका चिमुरडीच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि ही माझी पणती, हिला पोहता येतं, हे मला इथे रांगेत कळलं."

त्यांची मुलगी ओशाळली. खाली बघत राहिली. मीही खाली बघत राहिलो. आम्हा दोघांना एकच गोष्ट लागली असावी.

आजोबा रांगेतून सरकत सरकत माझ्यापर्यंत आले. मी राजमा वाढला. त्यांनी सईकडे बोट दाखवलं. "मुलगी?"

"हो. दोन आठवड्यांनी कॉलेजला जातेय. ही ट्रिप तिनेच प्लॅन केलीय."

"तिने?"

"सगळी तिने."

ते माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "मग ही पळी तुझ्याकडे काय करतेय?"

मी पळी ठेवली. सईजवळ गेलो आणि म्हटलं, "सॉरी, सई. तू जाणार आहेस ना, म्हणून मला काहीतरी धरून ठेवावंसं वाटतं. जे हातात येईल ते."

तिने डोळे पुसले. "आय नो, बाबा."

मग आजोबा म्हणाले, केक खाऊन जा. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि सईकडे बघितलं. सई म्हणाली, "वी विल स्टे." आम्ही थांबलो. फेस्टिव्हल राहिला तो राहिलाच.

निघताना आजोबांनी हट्टाने आम्हाला फॅमिली फोटोत घेतलं. एक नातू शिडीवर चढला, साठ-सत्तर माणसं, गडबड, आणि एकदाचा फोटो निघाला. आठवड्याने त्यांच्या मुलीने तो सईला पाठवला. फोटोत सगळे जण कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. एकटा मी आडवा वळलोय, तोंड उघडं, हात वर, आणि कुणालातरी सांगतोय, उंच माणसं मागे!

आम्ही सईला मॅडिसनला हॉस्टेलवर सोडायला गेलो तेव्हा मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. एक शब्द बोलायचा नाही. तिने खोली तिच्या मनाने लावली. पलंगाच्या डोक्याशी पहिली गोष्ट लावली ती हा फोटो. तिच्या रूममेटने विचारलं, "ही सगळी तुझी फॅमिली?"

सई म्हणाली, "नाही. फक्त आई आणि तो. ज्याला वाटतंय, पार्टी त्याचीच आहे." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

फोटो जरा तिरका लागला होता. मी बघितलं, पण बोललो नाही. मिठी मारली, बोललो नाही. जिना उतरलो, तरी बोललो नाही. अनुजा म्हणाली, "मिलिंद, आज मला तुझा खरंच अभिमान वाटला."

गाडीत बसलो, पट्टा लावला आणि सईला मेसेज केला, डावी बाजू अर्धा इंच वर घे.