शेवंताबाईंचा जिना

शेवंता काळे यांनी उभ्या आयुष्यात कुणाला नाव विचारले नाही. बीडच्या बसस्थानकामागच्या भिंतीकडेला कुणी नवा माणूस पोते पांघरून पडलेला दिसला, की त्या त्याच्यापासून चार हातांवर, त्याच्याकडे पाठ करून बसत, कमरेची पिशवी सोडून तंबाखू मळत आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याला आपली हकिगत ऐकवू लागत. पोलिसांनी कुठे कुठे धरले, नवरा कसा पळाला, कालची भाकरी कशी कडक होती. त्यातले निम्मे खरे असे. कधी तासाभराने, कधी तिसऱ्या दिवशी मागून आवाज येई, "बाई, तुमचं नाव काय?" मग त्या वळत. मला म्हणायच्या, "आपन नाव इचारलं की मानसाला वाटतंय आला पोलीस. त्याला इचारू द्या. इचारनाऱ्याला भ्या वाटत न्हाई."

मुक्ता, गेल्या महिन्यात तू फोनवर सांगितलेस, की तिकडे कॅनडात तुला रस्त्यावर झोपणाऱ्यांमध्ये काम मिळाले आहे, त्यांतले बरेच जण त्या भूमीचे मूळचे रहिवासी आहेत आणि त्यांच्याशी कसे बोलावे याचे तुला आधी प्रशिक्षण देणार आहेत. तुझ्या भावाने, ईशानने, मागून विचारले, आजी, तुझ्या काळी असे काही होते का? होते. प्रशिक्षण नव्हते, शेवंताबाई होत्या.

ते वर्ष दुष्काळाचे होते. पाऊस आला तो नुसता तोंड दाखवून गेला आणि थंडी सरायच्या आत विहिरी तळाला गेल्या. जनावरांसाठी चारा छावण्या निघाल्या. गावोगावची माणसे मात्र बीडला येऊन भिंतींच्या आडोशाला राहू लागली. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि आमच्या महिला पतसंस्थेची सचिव होते. आम्ही ठरवले, बेघरांसाठी रात्रनिवारा काढायचा. जागेसाठी अण्णांकडे गेलो. अण्णा म्हणजे आमच्या भागातल्या सहकाराचे सर्वस्व. दूध संघ, सूतगिरणी, जिथे खुर्ची होती तिथे अण्णा होते. बसस्थानकासमोर त्यांच्या बंद पडलेल्या जिनिंग संस्थेचे गोदाम होते. ते म्हणाले, पाडव्यापर्यंत माणसांनी भरून दाखवा, नाहीतर मी तिथे छावणीची पेंड ठेवतो. जनावरे निदान तक्रार करत नाहीत.

गोदामाला खाली मोठा हॉल आणि वर माडी होती. तिथली व्यवस्था मी स्वतः आखली. खाली पुरुष, वर बायका, जिन्याच्या दाराला आतून कडी. सुरक्षिततेचा विचार होता. भिंतीवर वरच्या दिशेने बाण काढून 'महिला विभाग' असे रंगवून घेतले. अक्षर इतके सुरेख होते की समितीतल्या एकीने त्याचा फोटो काढला. आता फक्त बेघर हवे होते.

ते आणायला माणूस नेमायचा होता. समाजकार्याची पदवी घेतलेले दोघे जण आले आणि भिंतीकडेला एक चक्कर मारून गेले ते गेलेच. मग शेवंताबाई आल्या. त्या पारधी समाजाच्या. शिकारीवर जगणारी ही आदिवासी जमात इंग्रजांनी कायदा करून जन्मजात गुन्हेगार ठरवली होती. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला, पण ती बातमी अजून सगळ्या गावांपर्यंत पोहोचलेली नाही. आम्ही विचारले, या कामाचा अनुभव काय? त्यांनी आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले.

"अनुभव? मी जल्मापासून तितंच झोपते."

शिक्षण विचारले, तर त्यांनी उलट माझे विचारले. मी म्हटले, इंग्रजीत एम.ए. "मंग झालं की," त्या म्हणाल्या. "तुमी सायबाशी बोला, मी मानसाशी बोलते. दोघी मिळून एक पुरी बाई व्हईल."

त्यांना संस्थेचे ओळखपत्र दिले. ते त्यांनी गळ्यात घातले ते आंघोळीलासुद्धा काढले नाही. त्या नम्र वगैरे मुळीच नव्हत्या. हवालदाराला त्या आपण 'जिल्ह्याच्या मॅडम' असल्याचे सांगत, नव्या रंगवलेल्या भिंतीवर पिंक टाकत आणि मी रागावले की म्हणत, "भिंतीला कळू द्या कुनी तरी राहतंय." पण माणसे येऊ लागली. परळीच्या वीजकेंद्रातली राख नेणाऱ्या ट्रकवरून पडून पाय गेलेला एक हमाल आला, सुनेने हाकललेली एक म्हातारी आली. फक्त भिंतीकडेची पारधी कुटुंबे येईनात. सगळ्यांत जास्त होती तीच आणि ती शेवंताबाईंच्याच नात्यातली, तलवाड्याकडची. त्या रोज नवे कारण सांगत. आज सोमवार हाय. आज देवीचा कौल न्हाई. समितीचे मत पडले की या लोकांना उघड्यावरच आवडते.

खरे कारण एका संध्याकाळी कळले. शेवंताबाईंचा धाकटा भाऊ भिवा तापाने फणफणलेले पोर आणि बायकोला घेऊन आला. पोरासाठी आला होता हे उघड होते. त्याने कोपरा धरला आणि उशाशी देवीच्या मूर्तीचे गाठोडे ठेवले. तेवढ्यात वर पावले वाजली. शेवंताबाई माडीवर म्हातारीचे अंथरूण घालत होत्या. भिवाने छताकडे पाहिले. त्यांच्या कुळात बाईचे पाऊल पुरुषाच्या आणि देवीच्या डोक्यावरून जायचे नाही, लुगड्याचा काठसुद्धा नाही. शेवंताबाई जिना उतरून आल्या, तेव्हा तो गाठोडे छातीशी धरून उभा होता. आपल्या भाषेत तो काहीतरी बोलला, मग मला समजावे म्हणून मराठीत म्हणाला, "ही आमच्या देवावरनं चालली. हिच्या हातचं पानी आता आमाला न्हाई."

तापलेले पोर घेऊन ते पुन्हा भिंतीकडेला गेले.

समितीची तातडीची सभा झाली. एकीने अंधश्रद्धेवर व्याख्यान ठेवायची सूचना मांडली, नंतर चहासह. मला त्याहून सोपा उपाय सुचला होता. मी शेवंताबाईंना बोलावून, साडीचोळी द्यावी तशा आनंदाने तो सांगितला. उद्यापासून पुरुष वर, बायका खाली. तुमच्या माणसांची अडचणच संपली.

"त्यांची संपली," त्या म्हणाल्या. "माजी?"

मी म्हटले, लोकांच्या रीतीचा मान ठेवायला हवा. हे मी एका चांगल्या इंग्रजी पुस्तकात वाचले होते.

त्या बराच वेळ तंबाखू मळत राहिल्या. "माजी लेक छाया वडवनीला आश्रमशाळंत हाय. माडीवर झोपती. तिच्या खालच्या खोलीत पोरं निजत्यात. मी चढले म्हनून ती चढली. आता शिकलेल्या बाईनंच पाटी बदलली म्हटल्यावर भिव्या उद्या जाऊन तिला उतरवील. त्याला काय सांगू?"

एम.ए. झालेली बाई रीत पाळा म्हणत होती आणि रीतीत जन्मलेली बाई मोडू द्या म्हणत होती. शेवटी त्यांनीच मला सोडवले.

"बदला पाटी. पोरगं तापलंय, त्याला छप्पर पाहिजे. पन मी जिना चढायची बंद व्हनार न्हाई. वरच्या हमालाला पानी कोन दील, तुमी?"

पाटी बदलली. बाण खाली वळवला. अक्षर पहिल्याइतके सुरेख आले नाही. कुटुंबे आली, पण भिवाने एक अट घातली. शेवंताने पुन्हा कुठलाच जिना चढणार नाही असे देवीसमोर म्हणावे, नाहीतर तिने आमच्याबरोबर एका छपराखाली झोपू नये. त्या तसे म्हणाल्या नाहीत. छायाला माडीवरून उतरवायला भिवा वडवणीला गेला, तेव्हा शेवंताबाई त्याच्या आधीच्या गाडीने जाऊन आश्रमशाळेच्या जिन्यात बसल्या होत्या. बहिणीला ओलांडून तो वर गेला नाही. तीही रीत होती बहुधा.

पाडव्याला अण्णा आले. हॉल भरलेला पाहून प्रसन्न झाले आणि दारात उभे राहून भाषण केले, की या शहरात आता एकही माणूस उघड्यावर झोपत नाही. समोरच रस्त्यापलीकडे, भिंतीकडेला, आपल्या पोत्यावर शेवंताबाई बसल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र होते. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

मी त्यांना घरी घेऊन आले. तुमच्या आईच्या खोलीत गादी घातली. दोन रात्री राहिल्या आणि निघाल्या. म्हणाल्या, "तुमचं घर लई चांगलं हाय, पन हितं मानूस खोकलेलं सुदिक ऐकू येत न्हाई." बेघर हा शब्द त्यांनी स्वतःसाठी कधी मान्य केला नाही. ज्याचे खोकणे कुणी ओळखत नाही, तो बेघर, अशी त्यांची व्याख्या होती. त्या हिशेबाने, मुक्ता, मी इथे आता कुठल्या यादीत येते ते तूच ठरव.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. भिवा माणसांना घेऊन तलवाड्याकडे परतला. निवारा पुढे चालला, अण्णांच्या नावाने. छाया शिकून वडवणीलाच शिक्षिका झाली. शेवंताबाई म्हाताऱ्या होईपर्यंत अनोळखी माणसांकडे पाठ करून बसत राहिल्या. वाटेत भाऊ भेटला की बोले, पण त्यांच्या हातचे पाणी त्याने घेतले नाही.

शेवटच्या दुखण्यात त्यांना दवाखान्यात ठेवले होते, दुसऱ्या मजल्यावर. मी भेटायला गेले तेव्हा खिडकीतून भिवा दिसला. तोही म्हातारा झाला होता. तो आत न येता आवारातल्या लिंबाखाली उभा होता. खालच्या ओसरीत बसला असता तर बहिणीची खाट डोक्यावर आली असती.

"त्याला वर बोलवा," शेवंताबाई म्हणाल्या. "बाप्या मानसाला जिना चालतोय."

मी खाली जाऊन सांगितले. तो आला आणि खाटेशेजारी जमिनीवर बसला.

"बघ भिव्या," त्या म्हणाल्या, "आता दोघं बी वरच हाव. कोन कुनाच्या डोक्यावर न्हाई."

त्याने मान खाली घातली. मग पाणी मागितले. मी उठू लागले, तर शेवंताबाईंनी डोळ्यांनी मला बसवले. त्यांनी तांब्यातून पेला भरला. निम्मे पाणी चादरीवर सांडले. भिवाने पेला हातात घेतला. तेवढ्यात वरून बायकांच्या चपला फटफटत गेल्या. आमच्या डोक्यावर बाळंतिणींचा वॉर्ड होता.

भिवा थांबला. "वर काय हाय?"

"गच्ची," शेवंताबाई ठामपणे म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिले. शिकलेली बाई, खोटे बोलणार नाही, असे त्याला वाटले असावे.

"गच्ची," मी म्हणाले.

वर एक तान्हे मूल जोरात रडू लागले. भिवाने ते ऐकले, पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायला.