पेचकस आणि खडू

गोविंदपुऱ्यातल्या सरकारी कारखान्यात माझा पहिलाच आठवडा होता. डिग्री नवी आणि बूट तिच्याहून नवे. एक म्हातारा फिटर चालत्या पंपाच्या बेअरिंगवर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवून, त्याची मूठ कानाला लावून, भजन ऐकावं तसा डोळे मिटून उभा होता.

"ये जाएगा, साहब."

मी हसलो. दुपारी पंप बंद पडला.

"अब आप बताइए, ये बोलता क्यों है?"

मी खडूने फरशीवर बेअरिंगची गोळी काढली, खाच काढली, खाचेतला बारीक खड्डा दाखवला; गोळी त्यावरून गेली की दर फेरीला टक्क वाजते. तो उकिडवा बसून बघत राहिला.

"तीस साल सुना. आज देखा."

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आता मुलाखतीला आलेल्या प्रत्येक नव्या इंजिनिअरपुढे मी पेचकस आणि खडू ठेवतो आणि एक उचलायला सांगतो. बहुतेक जण खडूच उचलतात. मीही तोच उचलला असता.